तासगावच्या पॅकहाऊसपासून न्हावा शेव्याच्या गेटपर्यंत: बंदर-लॉजिस्टिक्सचं काम शिकायचं कसं

सांगली-साताऱ्यात समुद्र नाही, म्हणून बंदराशी निगडित नोकरी आपल्यासाठी नाही असं इथली बरीच मुलं धरून चालतात. पण तासगाव-पलूसची द्राक्षं, सांगली मार्केट यार्डातली हळद, बेदाणा, कुपवाड आणि साताऱ्याच्या एमआयडीसीतले यंत्रांचे सुटे भाग परदेशी निघाले की बहुतेक वेळा उरण तालुक्यातल्या न्हावा शेव्यालाच जातात. कंटेनर भरतो इथे, सील लागतं इथे, निम्मे कागद तयार होतात इथेच. उरणमध्ये वाढलेल्या मुलाला घडाचं तापमान कसं मोजतात ते माहीत नसतं. तुम्हाला ते गावातच शिकता येतं. म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे: आधी माल, मग कंटेनर, मग कागद, आणि बंदर सगळ्यात शेवटी.

आधी कामं ओळखा

"शिपिंगमध्ये आहे" असं सांगणारे चौघे चार वेगळी कामं करत असतात. निर्यातदाराकडचा डॉक्युमेंटेशनवाला इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बनवतो. फ्रेट फॉरवर्डर जहाजावर जागा घेतो. कस्टम ब्रोकर, ज्याला सगळे अजून सीएचए म्हणतात, शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं कस्टमला द्यायचं घोषणापत्र, भरतो आणि कस्टमसमोर माल मोकळा करून घेतो. शिपिंग लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, कचेरीत बुकिंग घेतात आणि बीएल (बिल ऑफ लेडिंग, माल मिळाल्याचा जहाज कंपनीचा कागद) निघतं. याशिवाय सीएफएस, म्हणजे बंदराबाहेरची कंटेनर भरण्या-उतरवण्याची गोदामं, वाहतूकदार आणि खुद्द टर्मिनल आहेत. जहाजावर नोकरी करणं हा वेगळाच मार्ग आहे. त्याबद्दल शेवटी.

नवख्याने पहिलं वर्ष निर्यातदाराकडे काढावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे माल आणि कागद दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात. थेट सीएचएकडे लागलेल्या मुलाला आकडे भरता येतात, पण चुकलेला आकडा त्याच्या नजरेला खटकत नाही.

पायरी १: माल

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. कामाला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लागा. बागांची अपेडाच्या (शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्राच्या संस्थेच्या) प्रणालीत नोंदणी, काढणीआधीचे नमुने, रेसिड्यूचे (मालात उरलेल्या औषधांच्या अंशांचे) रिपोर्ट ही कामं पेट्या भरायला लागण्याआधीची आहेत. नोंदणी नसलेल्या किंवा रिपोर्टमध्ये अडकलेल्या प्लॉटचा माल एका पेटीतूनही आत आला, तर अख्ख्या कंटेनरची माग काढण्याची साखळी तुटते. त्यामुळे प्लॉटचा नोंदणी क्रमांक पेटीवरच्या लेबलशी ताडून पाहणं हे तुमचं पहिलं कौशल्य.

दुसरं कौशल्य तापमानाचं, आणि इथे घाई करू नका. रीफर, म्हणजे शीत, कंटेनर गरम माल थंड करण्यासाठी बनवलेला नाही. आधीच थंड झालेला माल थंड ठेवणं एवढंच त्याचं काम. बागेतून आलेल्या घडात दिवसभराचं ऊन साठलेलं असतं. ते प्री-कूलिंग खोलीत, जोराच्या हवेखाली, आधी काढावं लागतं. घडाच्या मण्यात प्रोब थर्मामीटर खुपसून आतलं तापमान पाहायचं. खोलीच्या भिंतीवरचा आकडा म्हणजे हवेचं तापमान, मालाचं नाही. पॅलेटच्या बाहेरच्या पेटीतलं तापमान लवकर उतरतं, म्हणून मधल्या थरातली एक पेटी उघडून तिथलंही मोजा. आठवड्यातून एकदा थर्मामीटर तपासून घ्या: पेल्यात बर्फाचा चुरा भरा, तो जेमतेम बुडेल एवढं पाणी घाला, ढवळा, प्रोब मध्यभागी धरा. शून्य दिसलं पाहिजे. अर्ध्या अंशाचा फरक असेल तर तो लिहून ठेवा, एक अंशाच्या वर गेला तर थर्मामीटर बदला.

माल गरम असताना भरला तर काय होतं? पेटीत दव सुटतं. पेटीतल्या सल्फर डायऑक्साइडच्या पॅडला ओल मिळाली की त्यातून वायू भराभर सुटतो आणि मणी देठाजवळ पांढरे पडतात. सुरुवातीलाच पॅड संपल्यामुळे पुढच्या आठवड्यांत करड्या बुरशीला रान मोकळं मिळतं. युरोपचा प्रवास सुएझमार्गे तीन-चार आठवड्यांचा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, त्यात आणखी दहा ते चौदा दिवसांची भर पडली. पॅकहाऊसमध्ये वाचवलेले दोन तास अशा लांबच्या प्रवासात फार महाग पडतात.

कंटेनर भरताना तीन गोष्टी पाहा. तळाला इंग्रजी टी अक्षरासारख्या पट्ट्या असतात, थंड हवा त्यांच्यामधून येते आणि मालातून वर चढते. तिथे पुठ्ठा किंवा प्लॅस्टिक पसरू नका. आतल्या भिंतीवर भरण्याची लाल रेषा असते. तिच्या वर पेटी गेली की हवेची परत फिरायची वाट बंद होते. तिसरी गोष्ट सेट पॉइंट, म्हणजे कंटेनरच्या यंत्राला ठरवून दिलेलं तापमान. द्राक्षांसाठी तो शून्याच्या आसपास, बऱ्याचदा उणे अर्धा अंश असतो. बुकिंगवरचा, कंटेनरच्या पडद्यावरचा आणि लाइनला दिलेल्या सूचनेतला आकडा चिन्हासकट एकच आहे का ते बघा. उण्याची आडवी रेघ गळाली किंवा दशांश चिन्ह सरकलं तर माल गोठू शकतो किंवा गरम राहून सडू शकतो. पडद्याचा फोटो काढून ठेवा, त्यात वेळ दिसली पाहिजे.

हळद-बेदाण्याचा कंटेनर साधा कोरडा असतो, पण त्याचीही तपासणी आहे. आत जा, बाहेरच्या माणसाला दारं लावायला सांगा आणि अंधारात मिनिटभर उभे राहा. छतातून किंवा कोपऱ्यातून प्रकाशाचा ठिपका दिसला तर पावसाचं पाणी तिथूनच येणार, कंटेनर परत करा. बाहेर माणूस उभा असल्याशिवाय हे करू नका. नंतर वास घ्या. आधी केमिकल किंवा कातडी गेलेल्या कंटेनरचा वास बेदाणा पकडतो. तळाची लाकडी फळी ओली असेल, तर समुद्रावर दिवसा तापून रात्री थंड झालेल्या छताखाली पाणी जमतं आणि पोत्यांवर ठिबकतं. म्हणून आतून कागद लावतात आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतात. लाकडी पॅलेट वापरलं असेल तर त्यावर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला आयएसपीएम १५ चा शिक्का हवाच. शिक्का नसलेलं एक पॅलेटही परदेशी बंदरात अख्खा कंटेनर अडकवतं.

पायरी २: कंटेनरचा नंबर आणि वजन

कंटेनरच्या नंबरात चार अक्षरं, सहा अंक आणि चौकटीतला एक अंक असतो. हा शेवटचा अंक आधीच्या दहा खुणांवरून काढलेला असतो, त्यामुळे चूक पकडता येते. हिशेब एकदा हाताने करून बघा. अक्षरांना किंमत द्यायची: ए म्हणजे १०, मग बी १२, सी १३ असं पुढे, पण ११, २२ आणि ३३ हे आकडे वगळून. पहिल्या खुणेला १ ने गुणा, दुसरीला २ ने, तिसरीला ४ ने, असं दुप्पट करत दहावीला ५१२ ने. सगळ्यांची बेरीज करून ११ ने भागा. बाकी उरते तोच शेवटचा अंक, आणि बाकी १० आली तर ०.

उदाहरण घ्या: सीएसक्यूयू ३०५४३८, चौकटीत ३. अक्षरांच्या किमती १३, ३०, २८, ३२. गुणाकार अनुक्रमे १३, ६०, ११२, २५६. पुढे अंकांचे ४८, ०, ३२०, ५१२, ७६८, ४०९६. बेरीज ६१८५. अकराने भागल्यावर बाकी ३. जुळलं. एक्सेलमध्ये हे सूत्र एकदा बसवून ठेवा आणि ड्रायव्हरने फोनवर सांगितलेला प्रत्येक नंबर त्यातून काढा. दोन अंकांची अदलाबदल झालेला नंबर शिपिंग बिलात गेला की गेटवर गाडी थांबते आणि दुरुस्तीसाठी अर्धा दिवस जातो.

दारावर रिकाम्या कंटेनरचं वजन आणि कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. १ जुलै २०१६ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. ते दोन पद्धतींनी काढता येतं: भरलेला कंटेनर वजनकाट्यावर नेऊन, किंवा आतल्या प्रत्येक गोष्टीचं वजन रिकाम्या वजनात मिळवून. दुसऱ्या पद्धतीचा नमुना: २० पॅलेट, प्रत्येकावर १२० पेट्या, पेटीचं एकूण वजन ५.६ किलो, म्हणजे १३,४४० किलो. पॅलेट १८ किलोचं, २० चे ३६०. कोपऱ्याच्या पट्ट्या आणि स्ट्रॅप ६०. रिकामा कंटेनर ४,६४०. एकूण १८,५०० किलो.

नवखा हमखास तीन ठिकाणी चुकतो: पेटीचं निव्वळ वजन धरतो, पॅलेट विसरतो, किंवा वजनकाट्याच्या पावतीत ट्रेलर आणि जेनसेटचं (वाटेत रीफरला वीज देणाऱ्या जनरेटरचं) वजन तसंच राहू देतो. जहाजावर कोणता कंटेनर वर आणि कोणता खाली हे याच आकड्यांवरून ठरतं. खोट्या वजनाने रचलेली थप्पी कोसळते, माणसं मरतात. अंदाजाने आकडा भरायला कुणी सांगितलं तरी भरू नका.

पायरी ३: कागद

सगळ्या कागदांची आई म्हणजे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट. पेट्यांची संख्या, निव्वळ वजन, एकूण वजन, मालाचं वर्णन आणि एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक) हे तिथून जसेच्या तसे शिपिंग बिल, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (मालात कीड-रोग नसल्याचा दाखला), अॅगमार्क, व्हीजीएम आणि बीएलमध्ये गेले पाहिजेत. ताजी द्राक्षं ०८०६१०, बेदाणा ०८०६२०, हळद ०९१०३०. हे सहा अंक जगभर सारखे असतात, पुढचे दोन आपल्या देशाचे. "द्राक्षं", "ताजी द्राक्षं" आणि "ताजी टेबल द्राक्षं" अशी तीन वर्णनं तीन कागदांवर आली तरी परदेशातला कस्टम अधिकारी प्रश्न विचारतो.

नव्या निर्यातदाराकडे काम लागलं तर आधी पाया तपासा: डीजीएफटीचा (विदेश व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक, बँकेचा एडी कोड (परकीय चलन हाताळणाऱ्या अधिकृत बँकेचा क्रमांक) न्हावा शेवा बंदरासाठी नोंदवलेला आहे का, द्राक्ष-बेदाण्यासाठी अपेडाची आणि हळदीसाठी स्पायसेस बोर्डाची नोंदणी, आणि जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र. एलयूटी आर्थिक वर्षापुरतं असतं. हळद-बेदाण्याचा माल मार्च-एप्रिलच्या उंबरठ्यावर निघतो आणि १ एप्रिलला नवं एलयूटी भरायचं राहून जातं. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातच ते उरकून घ्या.

शिपिंग बिल आइसगेट या कस्टमच्या पोर्टलवर भरतात, सोबतचे कागद तिथल्याच ई-संचित सुविधेवर चढवतात. सीएचए आधी चेकलिस्ट, म्हणजे भरायच्या शिपिंग बिलाचा मसुदा, पाठवतो. ती वाचायला वीस मिनिटं द्या आणि पडद्यावर न वाचता छापून, इन्व्हॉइस शेजारी ठेवून, ओळीओळीला टिक करा. रोडटेपचा (निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या योजनेचा) दावा करायचा असेल तर त्याची नोंद शिपिंग बिलातच करावी लागते. ती राहिली तर जहाज सुटल्यावर दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतात.

कंटेनर तुमच्याकडेच भरून ई-सील (इलेक्ट्रॉनिक सील) लावणार असाल तर शिपिंग बिल आधी भरलेलं हवं. कारण ई-सीलच्या नोंदीत शिपिंग बिल नंबर, कंटेनर नंबर, गाडी नंबर आणि सील लावल्याची वेळ जाते. सील तुटलेलं निघालं किंवा नोंद जुळली नाही तर कंटेनर तपासणीला उघडला जातो, आणि द्राक्षांचा कंटेनर उन्हात उघडणं म्हणजे काय ते पहिल्या पायरीत आलंच आहे.

बीएल हा मालावरच्या हक्काचा कागद. ड्राफ्ट आला की शिपर (पाठवणारा), कन्साइनी (माल घेणारा), नोटिफाय पार्टी (माल आल्याची खबर ज्याला द्यायची तो), कंटेनर आणि सील नंबर, पेट्या, वजन आणि फ्रेट प्रीपेड की कलेक्ट (भाडं आधी भरलंय की तिकडे घ्यायचंय) एवढं तपासा. ग्राहक घाईघाईने "टेलेक्स रिलीज द्या" म्हणतो. त्याचा अर्थ मूळ बीएल इथेच लाइनला परत करायचं आणि तिकडे कागदाशिवाय माल सोडायचा. पैसे खात्यात आले नसतील तर मालकाच्या लेखी परवानगीविना टेलेक्स रिलीजचा ईमेल लाइनला पाठवू नका. एकदा गेला की मालावरची पकड संपली. एलसी, म्हणजे ग्राहकाच्या बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र, असेल तर त्यात वेगळी मुदत दिलेली नसल्यास माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत जायला हवेत, आणि नावातलं एक अक्षर चुकलं तरी बँक त्रुटी दाखवू शकते.

इनकोटर्म्स म्हणजे खर्च आणि धोका विकणारा-घेणाऱ्यात कसा वाटायचा याच्या आंतरराष्ट्रीय अटी. इनकोटर्म्स २०२० मध्ये अशा अकरा अटी आहेत. आपल्या भागात एफओबी (विकणाऱ्याचा खर्च माल जहाजावर चढेपर्यंत) आणि सीआयएफ सर्वाधिक ऐकू येतात. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा विकणारा भरतो, म्हणून धोकाही पोहोचेपर्यंत त्याचाच असं अनेक अनुभवी माणसंसुद्धा समजतात. तसं नाही. दोन्हींत माल जहाजावर चढला की धोका घेणाऱ्याकडे जातो. आणि कंटेनरचा माल जहाजाच्या काठावर नव्हे तर टर्मिनलच्या गेटवर ताब्यात दिला जातो, त्यामुळे त्यासाठी एफसीए (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की धोका घेणाऱ्याकडे) किंवा सीआयपी (तसंच, पण भाडं आणि विमा विकणाऱ्याकडे) जास्त योग्य.

पायरी ४: वेळ उलटी मोजा

प्रत्येक जहाजासाठी गेट उघडण्याची वेळ, गेट बंद होण्याची वेळ, बीएलच्या सूचना देण्याची आणि व्हीजीएम देण्याची अशा वेगवेगळ्या वेळा असतात. यातल्या शेवटच्या मुदतींना कटऑफ म्हणतात. समजा गेट शुक्रवारी संध्याकाळी ६ ला बंद होतं. तासगावपासून उरण साडेतीनशे किलोमीटरच्या वर. खंबाटकी घाट, पुण्याची वाहतूक, बोरघाट आणि पनवेलच्या पुढची रांग धरून भरलेल्या गाडीला बारा ते सोळा तास धरा. बंदराबाहेरचा पार्किंग प्लाझा आणि फॉर्म १३ (कंटेनर टर्मिनलात नेण्याचा परवाना) यांसाठी अर्धा दिवस आणि अपघात-बिघाडासाठी आणखी अर्धा. म्हणजे गाडी बुधवारी रात्री निघाली पाहिजे. भरायला दोन-तीन तास, म्हणून रिकामा कंटेनर बुधवारी दुपारी दारात हवा, म्हणजे मंगळवारी रात्री तो उरणच्या यार्डातून निघायला हवा. पीटीआय, म्हणजे रीफर यंत्राची तपासणी, झालेलाच कंटेनर उचला आणि त्याचा स्टिकर ड्रायव्हरकडून फोटोत मागवा. माल सोमवार-मंगळवारी पॅक होऊन थंड होत राहतो, शेवटची खेप बुधवारी सकाळी. गेट उघडण्याआधी पोहोचलात तरी गाडी बाहेर उभी राहते आणि जेनसेटचं डिझेल जळत राहतं.

ड्रायव्हरदादांना लेखी सूचना द्या: प्रत्येक थांब्यावर पडद्यावरच्या तापमानाचा फोटो, डिझेलची पातळी, आणि जेनसेट बंद पडला तर पहिला फोन कुणाला.

न्हावा शेव्यात एकच गेट नाही. एनएसएफटी, एनएसआयसीटी, एनएसआयजीटी, एपीएम आणि बीएमसीटी ही वेगवेगळी टर्मिनल आहेत आणि जहाजाचं टर्मिनल बदलू शकतं. गाडी निघताना एकदा आणि पनवेलला पोहोचताना एकदा, असं दोनदा तपासा. आयातीच्या कामात दोन शब्द वेगळे ठेवा: बंदरात मोफत दिवसांपेक्षा जास्त पडून राहिलेल्या कंटेनरवर डेमरेज, बाहेर नेऊन वेळेत परत न केलेल्यावर डिटेन्शन.

कार्ड, परीक्षा, कोर्स

एक-दोन हंगाम झाले की सीएचए फर्ममध्ये शिरा. बारावी झालेल्या कर्मचाऱ्याला एच कार्डावर कस्टममध्ये वावरता येतं. पुढे परीक्षा देऊन जी कार्ड मिळतं, मग कागदांवर सही करण्याची जबाबदारी येते. पदवी आणि जी कार्डावरचा दोन वर्षांचा अनुभव असेल तर स्वतःच्या परवान्याच्या परीक्षेला बसता येतं. ती नासिन ही कस्टमची प्रशिक्षण अकादमी घेते, लेखी आणि नंतर तोंडी. २०१८ चे कस्टम ब्रोकर परवाना नियम मुळातून वाचा, गाइडावर विसंबू नका. डीजीएफटीच्या निर्यात बंधू योजनेतली प्रशिक्षणं नवख्यांसाठी आहेत, ती चुकवू नका. रसायनं किंवा बॅटरी हाताळणाऱ्या फर्ममध्ये जायचं तर आयएमडीजी कोडचं (समुद्रमार्गे धोकादायक माल नेण्याच्या नियमांचं) प्रशिक्षण लागतंच. त्यात धोकादायक मालाचे नऊ वर्ग आहेत.

महागडा डिप्लोमा घेण्याआधी संस्थेला विचारा: शिपिंग बिलाची चेकलिस्ट आणि ड्राफ्ट बीएल प्रत्यक्ष तपासायला देता का? उत्तर गुळमुळीत आलं तर ते पैसे सहा महिने उरण, उलवे किंवा पनवेलला राहण्यासाठी ठेवा. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते, त्यामुळे नवी मुंबईत राहूनही काम जमतं. इंग्रजी बोलण्यापेक्षा इंग्रजी ईमेल चार ओळींत नेमका लिहिता येणं जास्त कामाला येतं.

क्रेन, आरटीजी (यार्डातली टायरवरची क्रेन) किंवा रीच स्टॅकर (कंटेनर उचलून रचणारं वाहन) चालवायचं असेल तर अवजड वाहनाचा परवाना आणि सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण या दिशेने जा. यार्डात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी नियम सारखेच: चमकतं जॅकेट, हेल्मेट, सुरक्षा बूट, टांगलेल्या कंटेनरखाली कधीही नाही. ट्रेलरचे चारही ट्विस्ट लॉक (कंटेनरचे कोपरे जखडणाऱ्या कड्या) बसल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि क्रेन कंटेनर उचलण्याआधी ते चारही सोडायचे. एक जरी अडकून राहिला तर कंटेनरबरोबर ट्रेलरही उचलला जातो.

जहाजावरच जायचं असेल तर

दहावीनंतर जीपी रेटिंगचा (साध्या खलाशाच्या कामाचा) सहा महिन्यांचा कोर्स आहे. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स असेल तर भारतीय सागरी विद्यापीठाची आयएमयू-सीईटी देऊन डेक किंवा इंजिनच्या बाजूला जाता येतं. फी भरण्याआधी डीजी शिपिंगच्या (नौवहन महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. रंगांधळेपणा निघाला तर डेकचा मार्ग तिथेच बंद होतो, आणि हे अनेकांना फी भरल्यावरच कळतं.

नोकरी लावून देणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना हवा. परवाना क्रमांक मागा आणि तो डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, एजंटाने दाखवलेल्या झेरॉक्सवर नाही. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदेशीर आहे. "जॉइनिंगसाठी एवढे लाख" असं कुणी म्हणालं, व्हिजिट व्हिसावर पाठवतो म्हणालं, किंवा करारपत्र विमानतळावर देतो म्हणालं, तर शेत गहाण टाकण्याचा विचारही करू नका. करारात जहाजाचं नाव, आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), पगार आणि मुदत आहे का ते घरीच वाचा आणि त्याची एक प्रत घरच्यांजवळ ठेवा.